सुरतेच्या वखारीतील दोन डोडो

सुरतेचा इतिहास म्हटला की आपणा मराठी माणसांच्या डोळ्यांसमोर १६६४ चा जानेवारी महिना उभा राहतो. शिवछत्रपतींचे सैन्य शहराच्या वेशीवर येऊन ठेपलेले, मोगलांचा सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसलेला, आणि इंग्रज व डच व्यापारी आपापल्या वखारींची दारे लावून बंदुका सरसावून उभे, हे चित्र आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यापुढे १६७० ची दुसरी स्वारी, सोनगडचे गायकवाड, चौथाईचा वसूल आणि १८०० साली इंग्रजांच्या हाती गेलेला शहराचा कारभार, असा हा क्रम चालतो. आपल्यापैकी अनेक घराण्यांच्या येथील वास्तव्याचे मूळ या क्रमात कोठे ना कोठे सापडते. मात्र पहिल्या स्वारीपूर्वी सुमारे तीस वर्षे इंग्रजांच्या याच सुरतेतील वखारीत जे दोन पाहुणे मुक्कामास होते, त्यांची आठवण आपल्याकडे सहसा निघत नाही. ते पाहुणे म्हणजे मनुष्य नव्हते. ते डोडो जातीचे दोन पक्षी होते.

ही हकिगत आपल्यापर्यंत पोचली ती पीटर मंडी नावाच्या एका इंग्रज कारकुनाच्या लेखणीमुळे. हा मूळचा कॉर्नवॉलचा. १६२८ साली तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुरतेस आला आणि १६३४ च्या आरंभी येथून मायदेशी परतला. मधल्या काळात कंपनीच्या कामानिमित्त तो बऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास जाऊन आला. त्याच सुमारास, १६३० ते १६३२ या वर्षांत, गुजरात आणि दख्खन या दोन्ही मुलखांवर भयंकर दुष्काळ कोसळला होता. देहूच्या तुकोबांचे घर ज्या दुष्काळात पोळले तो हाच. मंडीने सुरतेच्या रस्त्यांवरील आणि बऱ्हाणपूरच्या वाटेवरील माणसांचे हाल जसे पाहिले तसे लिहून ठेवले आहेत. हाच मनुष्य परतीच्या वाटेवरील मॉरिशस बेटाविषयी लिहू लागला, तेव्हा त्याने ओघात एक गोष्ट सांगून टाकली. या बेटावरील डोडो हा विलक्षण पक्षी हंसाच्या दुप्पट आकाराचा असून त्यास उडता येत नाही आणि पोहताही येत नाही. तेथून आणलेले असे दोन पक्षी आपण सुरतेच्या वखारीत पाहिले आहेत, असा त्याच्या लिहिण्याचा आशय. एवढीच ती नोंद. मंडीचे हस्तलिखित पुढे ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात पडून राहिले आणि विसाव्या शतकात हॅक्लूट सोसायटीने ते छापून प्रसिद्ध केले. सुरतेच्या डोडोंविषयी लिहिणारे जगभरचे अभ्यासक आजही याच ओळीकडे बोट दाखवितात.

त्या काळच्या सुरतेत परदेशी प्राणी येणे ही काही अपूर्व गोष्ट नव्हती. मोठी जहाजे तापीच्या मुखाजवळ सुवाळीस नांगर टाकीत, माल बैलगाड्यांनी अथवा लहान होड्यांनी शहरात येई, आणि त्या मालाबरोबर चित्रविचित्र पशुपक्षीही उतरत. जहांगीर बादशहास अशा जीवांचा मोठा शोक होता. सुरत आणि खंबायत या बंदरांचा कारभार पाहणाऱ्या मुकर्रबखानाने १६१२ साली गोव्याहून काही अपरिचित प्राणी खरेदी करून बादशहाकडे पाठविले. त्यांतील टर्की पक्षी पाहून बादशहाने त्याचे वर्णन स्वतःच्या आत्मचरित्रात लिहिले आणि चित्रकारांकरवी त्याचे चित्रही काढविले. १६२१ साली दरबारात झेब्रा आला. कोणी तरी घोड्यावर पट्टे रंगविले असावेत अशी शंका काहींना आली, तेव्हा नीट तपास करून ते पट्टे ईश्वरानेच काढले असल्याची खात्री करून घेण्यात आली, ही हकिगतही बादशहानेच नमूद केली आहे. हे प्राणी चितारणारा उस्ताद मन्सूर हा त्या युगातील थोर निसर्गचित्रकार. रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथील संग्रहात एक मोगल चित्र असून त्यात अन्य पक्ष्यांच्या घोळक्यात मधोमध एक डोडो उभा आहे. चित्रावर सही नाही. तथापि ते मन्सूरचे मानले जाते. जिवंत पक्षी समोर ठेवून काढलेली डोडोची चित्रे जगात फार थोडी आहेत, आणि त्यांत हे चित्र अत्यंत विश्वसनीय समजतात. त्यासाठी समोर असलेला पक्षी सुरतेच्याच वाटेने गेला असावा असे अनेक अभ्यासकांचे अनुमान आहे.

आता या पक्ष्याची कालगणना आपल्या परिचयाच्या कालगणनेशी ताडून पाहू. १५९८ च्या सप्टेंबरात डच जहाजे या निर्मनुष्य बेटास लागली आणि त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरिट्सचे नाव बेटास दिले. डोडोची पहिली खात्रीची वर्णने तेव्हाची. १६२८ च्या जूनमध्ये एमॅन्युएल ऑल्थम या इंग्रजाने बेटावरून आपल्या भावास पत्र लिहून एक जिवंत डोडो भेट म्हणून रवाना केला. १६३८ साली डचांनी तेथे वसाहत केली. आणि डोडो दिसल्याची सर्वसाधारणपणे मान्य झालेली शेवटची नोंद आहे १६६२ ची. म्हणजे महाराज सुरतेत आले त्याच्या केवळ दोन वर्षे आधीची. त्यानंतरही काही पक्षी तग धरून राहिले असावेत, आणि ही जात १६९० च्या सुमारास नामशेष झाली असावी, असे गणित अलीकडील संशोधकांनी मांडले आहे. कसेही धरले तरी मनुष्याची दृष्टी पडल्यापासून शंभर वर्षांच्या आत हा पक्षी पृथ्वीवरून गेला. खलाशांनी त्याची शिकार केली हे खरे. परंतु जमिनीवर घरटे करणाऱ्या या पक्ष्याच्या अंड्यांचा घास प्रामुख्याने जहाजांतून उतरलेल्या उंदीर, डुकरे आणि माकडे यांनी घेतला, असे आता मानतात.

निवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी मॉरिशसचा प्रवास केला, तो या पक्ष्याची पाऊलवाट पाहण्याच्या इच्छेने. बेटाची लांबी सुमारे ६५ किलोमीटर, म्हणजे सुरतेहून वलसाडपर्यंतचे अंतर म्हणा ना. मोटारीने किनाऱ्याकिनाऱ्याने निघाले तर दोन-तीन दिवसांत सावकाश प्रदक्षिणा होते. राजधानी पोर्ट लुई येथील निसर्गविज्ञान संग्रहालयात आम्ही प्रथम गेलो. तेथे डोडोचा एक जवळजवळ संपूर्ण सांगाडा आहे, आणि तो एकाच पक्ष्याचा आहे. अन्यत्र दिसणारे बहुतेक सांगाडे अनेक पक्ष्यांची हाडे जुळवून उभे केलेले असतात, त्यामुळे याचे मोल मोठे. तो शोधून काढणारा एत्येन तिरियू हा व्यवसायाने केशकर्तन करणारा गृहस्थ होता. विसाव्या शतकाच्या प्रारंभी आपला धंदा सांभाळून तो डोंगरकपाऱ्या धुंडाळीत असे. विद्येच्या क्षेत्रात अशा हौशी माणसांचे ऋण किती असते, हे त्या काचेच्या कपाटापुढे उभे राहिले म्हणजे ध्यानात येते.

तेथून आम्ही आग्नेयेकडील माएबूर या जुन्या बंदरगावी गेलो. डच प्रथम उतरले तो हाच उपसागर. किनाऱ्यासमोर ईल ओझ एग्रेत नावाचे २६ हेक्टरांचे एक प्रवाळ बेट असून ते १९६५ पासून राखीव आहे. तेथे जाण्यास होडी मिळते. झाडीत शिरताच एका फांदीवर गुलाबी छटेचा, तपकिरी शेपटीचा पारवा दिसला. डोडो हा सुद्धा कबुतरांच्याच कुळातला. आपल्या निकोबार बेटांवरील कबूतर हे त्याचे सर्वांत जवळचे हयात आप्त असल्याचे २००२ साली सिद्ध झाले आहे. हा गुलाबी पारवाही त्याच वाटेने जाणार होता. १९९० च्या सुमारास रानात त्याची संख्या जेमतेम दहावर आली होती. पिंजऱ्यात पैदास करून, रानात सोडून, उंदरांचा बंदोबस्त करून ती आज काही शतांवर नेण्यात आली आहे. तेथील छोट्या ससाण्याची कथा तर याहूनही अद्भुत आहे. १९७४ साली तो रानात अवघा चार उरला होता, आणि तरीही ती जात वाचली. झुडपांखालून संथपणे चालणारी प्रचंड कासवे मात्र मूळची तेथली नव्हेत. मॉरिशसची स्वतःची कासवे खलाशांनी खाऊन संपविली. त्यांचे बीजप्रसाराचे काम करण्यासाठी आल्डाब्रा येथील कासवे मुद्दाम आणून सोडली आहेत. घरातील कर्ता गेल्यावर दूरच्या नातलगाने येऊन शेतीभाती सांभाळावी, तसा हा प्रकार.

अपरिचित प्राणी पाहण्याच्या उत्सुकतेने निघालेल्या आम्हांस खरे आश्चर्य वाटले ते परिचितांचे. माएबूरच्या बाजारात पायांशी येऊन दाणे टिपणारी पिवळ्या चोचीची साळुंकी पाहून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, ही तर आपल्या अंगणातली!” आणि ते खरेच होते. उसावर पडणाऱ्या टोळांचा नाश करण्यासाठी १७६२ साली फ्रेंचांनी साळुंक्या हिंदुस्थानातून तेथे नेल्या. लाल गालांचा शिपाई बुलबुल १८९२ साली पोचला. मुंगूस नेले १९०० साली, प्लेगच्या उंदरांना मारण्यासाठी. १९९४ चे प्लेगचे दिवस अनुभवलेल्या सुरतकरांना त्यामागची धास्ती समजावून सांगण्याची गरज नाही. आपला हिरवा पोपटही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे मोकळा झाला आणि तेथील मूळच्या पोपटाच्या ढोल्यांत वाटेकरी होऊन बसला. डचांनी १६३९ साली जावाहून आणलेले सांबराच्या कुळातील हरिण आज तेथे वनचर म्हणून नांदते, आणि त्याच वर्षी त्याच ठिकाणाहून आलेला ऊस तर त्या देशाचे प्राक्तनच होऊन बसला.

आपणही आलेलीच माणसे. तेव्हा या ठिकाणी मनात एक प्रश्न उभा राहिल्यावाचून राहत नाही. आलेल्याने मूळच्यास उठवावे, हा निसर्गाचा नियमच समजावा काय? आमच्या मते पशुपक्ष्यांचा न्याय मनुष्यास सरसकट लावणे बरोबर नाही. मॉरिशसवर तर मूळचा मनुष्य असा कोणी नव्हताच. तेथे जो आहे तो कोठून तरी आलेला आहे. उंदरास किंवा मुंगसास आपण कोठे आलो, आपल्या आधी येथे कोण होते, हे जाणण्याची बुद्धी नसते. मनुष्यास ती असते. म्हणून परमुलखात जाऊन राहण्यात दोष नाही; जेथे गेलो तेथे काय होते याची दखलच न घेणे, हा मात्र दोष ठरतो. डचांनी बेटावर वस्ती केली, लाकूडतोड केली, हिशेबाच्या वह्या चोख ठेवल्या. आणि ज्या पक्ष्यामुळे त्या बेटाचे नाव आज जगभर आहे, त्याचा शेवटचा जीव कोणत्या दिवशी गेला, याची एक ओळही मागे राहिली नाही.

माएबूरच्या नैर्ऋत्येस, विमानतळाजवळच, मार ओ सोंज नावाची एक दलदल आहे. वरवर पाहता तेथे पाहण्यासारखे काहीच नाही. तथापि १८६५ साली डोडोची हाडे प्रथमच मोठ्या संख्येने सापडली ती येथे. त्यापूर्वी युरोपात असेही म्हणणारे लोक होते की डोडो हा केवळ खलाशांच्या कल्पनेतला पक्षी असावा. या शोधाचे श्रेय माएबूर येथील शाळामास्तर जॉर्ज क्लार्क यांस दिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या काळचे वृत्तान्त बारकाईने वाचले तर आणखीही काही माणसे दिसू लागतात. रेल्वेचे इंजिनिअर हॅरी हिगिन्सन यांनी लिहून ठेवले आहे की, दलदलीतील काळी माती खणणारे मजूर हाडे वेगळी काढून त्यांचे ढीग लावीत असताना आपण पाहिले. स्वतः क्लार्क यांनीही सांगितले आहे की, आपण मजुरांना दलदलीच्या मधोमध पाण्यात उतरविले आणि त्यांनी अनवाणी पायांनी चिखल चाचपून हाडे शोधली. या मजुरांसाठी दोघांनीही ‘कुली’ हा शब्द वापरला आहे, आणि त्या काळच्या मॉरिशसमध्ये हा शब्द बहुधा हिंदुस्थानातून गेलेल्या गिरमिटियांनाच लावला जाई. डोडो ही केवळ दंतकथा नाही हे ज्या पायांना प्रथम कळले, त्या पायांच्या धन्यांची नावे मात्र कोणी लिहिली नाहीत.

पुढे आम्ही दक्षिण किनाऱ्याने पश्चिमेकडे निघालो. एका बाजूस ऊस, दुसऱ्या बाजूस समुद्र. सुयाकजवळ प्रवाळांचा बांध तुटलेला असल्यामुळे लाटा थेट काळ्या कड्यावर येऊन फुटतात. त्या कड्यापुढे एक पांढराशुभ्र पक्षी तरंगताना दिसला. त्याच्या शेपटीस दोन लांबच लांब पिसे होती. तेथील लोक त्यास ‘शेपटीत काडी असलेला’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात, आणि त्या देशाच्या विमान कंपनीने त्यालाच आपले बोधचिन्ह केले आहे. पुढे बे द्यू कापचे वळण घेतले की ले मॉर्नचा एकांडा सुळका दिसू लागतो. पळून गेलेल्या गुलामांनी त्याचा आश्रय केला होता. २००८ साली त्यास जागतिक वारशाचा मान मिळाला. संध्याकाळी रिव्हिएर न्वारच्या खोऱ्यावरून मोठाली वटवाघळे संथ पंख हालवीत जाऊ लागली. समुद्र ओलांडून स्वतःच्या बळावर या बेटावर आलेले सस्तन प्राणी म्हणजे केवळ वटवाघळेच; बाकीचे सारे चतुष्पाद मनुष्याने आणलेले. आंबा आणि लिची यांच्या बागा ती फस्त करतात अशी बागाईतदारांची तक्रार असल्यामुळे २०१५ पासून सरकारने ती अनेकदा हजारोंच्या संख्येने मारविली, आणि निसर्ग-अभ्यासकांनी त्यास कडाडून विरोध केला. सरकारी नोकरीत आयुष्य घालविल्यामुळे आम्हांस दोन्ही पक्षांचे म्हणणे समजते. पीक गमावलेल्या शेतकऱ्याचा अर्ज टेबलावर पडलेला असताना अधिकाऱ्यास डोडोची आठवण देणारा कोणी तरी असावा, एवढेच आम्ही म्हणू.

आमची मोटार चालविणारे गृहस्थ मराठी वंशाचे निघाले. त्यांची घरची भाषा क्रेओल. गणपतीच्या आरत्या तेवढ्या मराठीत पाठ. गणेश चतुर्थीस तेथे राष्ट्रीय सुटी असते हे त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितले. पणजोबा मुंबईहून जहाजाने आले, रत्नागिरीकडचे असावेत, एवढीच घराण्याची माहिती त्यांच्यापाशी होती. १८३४ च्या नोव्हेंबरात गिरमिटियांचे पहिले जहाज कलकत्त्याहून पोर्ट लुईस पोचले. त्यानंतर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसे तेथे उतरली, आणि त्यांत मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी माणसांचीही भर होती. आप्रवासी घाटाच्या ज्या सोळा पायऱ्या ती माणसे चढली, त्या आजही जपून ठेवल्या आहेत. प्रत्येकास एक क्रमांक मिळे. नाव, बापाचे नाव, गाव, वय, अंगावरील खूण असा तपशील रजिस्टरात भरला जाई आणि पुढच्या काळात छायाचित्रही काढले जाई. हे दप्तर मोका येथील महात्मा गांधी संस्थेत सुरक्षित आहे. ते ठेवले गेले मळेवाल्यांच्या आणि सरकारच्या सोयीसाठी, हे उघड आहे. परंतु दीडशे वर्षांनंतर एखादा पणतू तेथे जाऊन आपल्या पूर्वजाचे गाव शोधू शकतो, ते त्याच कोरड्या रकान्यांमुळे. दप्तर ठेवणाऱ्या कारकुनाची थट्टा करण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्ही तरी त्या कारकुनास मनोमन नमस्कार केला.

नोंद कशी ठेवावी याचा एक उत्तम धडा आपल्या सुरतेतच आहे. कतारगाम रस्त्यावरील डच कबरस्तानात व्हान रीड याची भव्य घुमटाकार कबर आहे. हा मनुष्य डच कंपनीचा बडा अधिकारी; मलबारहून सुरतेस येत असता १६९१ च्या डिसेंबरात वाटेत जहाजावर वारला. मलबारमध्ये असताना त्याने तेथील वनस्पतींचा ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविला, आणि १६७८ पासून पुढे तो ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात माहिती देणाऱ्यांची नावे आहेत. मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोकणी ब्राह्मण यांची प्रमाणपत्रे त्यांच्या त्यांच्या लिपीत छापली आहेत. कोकणीतील मजकूर तर नागरी अक्षरांत आहे. साडेतीनशे वर्षांनंतर आपण ती नावे आदराने घेऊ शकतो, कारण कोणी तरी ती वेळेवर लिहिली. मार ओ सोंजच्या चिखलात उतरलेल्यांच्या वाट्यास हे आले नाही.

कोणी म्हणेल, डोडो गेला त्यास तीन शतके झाली. आता या उठाठेवीचा आपल्यास काय उपयोग? त्यावर आमचे उत्तर असे की, प्रत्येक पिढीच्या डोळ्यांदेखत काही तरी जात असते. ज्या वाचकांनी साठी ओलांडली आहे त्यांनी आठवून पाहावे. तापीकाठी मेलेल्या जनावरावर उतरणारी आणि पारशी बांधवांच्या दोखम्यावर घिरट्या घालणारी गिधाडे एके काळी किती सामान्य होती! १९९२ ते २००७ या अवघ्या पंधरा वर्षांत आपल्या देशातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शेकडा ९९ हून अधिक नाहीशी झाली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध त्यांस विषासारखे भोवते, हे शोधून काढण्यास वेळ लागला. २००६ साली सरकारने गुरांसाठी त्याचा वापर बंद केला. डोडो गेला तेव्हा त्यास वाचविण्याची विद्याच कोणापाशी नव्हती. गिधाडांच्या बाबतीत ती आहे, आणि गुलाबी पारव्याचे उदाहरण आपल्यासमोर आहे. मात्र कोठे काय होते आणि ते केव्हा दिसेनासे झाले, हे ठाऊक असल्याखेरीज ती विद्या कामास येत नाही.

म्हणून आपल्या मंडळातील ज्येष्ठांस आमची एक विनंती आहे. आपल्या घरी जुन्या रोजनिशा, खर्चाच्या वह्या, पत्रे असतील तर त्या रद्दीत जाऊ देऊ नयेत. आपले पूर्वज कोणत्या साली, कोणत्या गावाहून, कोणाच्या चाकरीत येथे आले, हे लिहावेच. त्याबरोबर आपल्या वाड्यासमोर कोणते झाड होते, नदीत कोणते मासे मिळत, गिधाड शेवटचे केव्हा व कोठे पाहिले, हेही सालासह लिहावे. आठवण अंधूक असेल तर अंधूक आहे असे लिहावे. मंडी हा काही पंडित नव्हता. तो हिशेब लिहिणारा कारकून होता. वखारीच्या आवारात त्याने दोन बोजड पक्षी पाहिले आणि आठवणीने ते वहीत उतरविले. सुरतेने डोडो पाहिला होता, हे आज आपण निःशंकपणे म्हणू शकतो, ते तेवढ्यामुळेच.